प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे निदान: पॅथॉलॉजिस्टने शिकत कसे राहावे

गोव्यात एकट्याने किंवा दोघातिघांच्या छोट्या विभागात काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर अपेंडिक्सपासून स्तनातल्या गाठीपर्यंत सर्व काही येते, आणि त्या गर्दीत प्रोस्टेटच्या सुई-बायॉप्सी मोजक्याच असतात. मोजक्या असल्यामुळेच नजर तयार व्हायला वेळ लागतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांत दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षण घ्यावे असे म्हटले आहे. ते तास व्याख्याने ऐकून पूर्ण होतात आणि ती ऐकायलाही हवीत. पण प्रोस्टेटच्या कर्करोगाची ग्लीसन श्रेणी, म्हणजे ग्रंथींच्या रचनेच्या दोन मुख्य पॅटर्नच्या आकड्यांची बेरीज (आकडा मोठा तर रोग जास्त आक्रमक), ३+३ लिहायची की ३+४, या प्रश्नावर रुग्णाला नुसते देखरेखीखाली ठेवायचे की शस्त्रक्रिया अथवा किरणोपचार सुचवायचे हे पुष्कळदा ठरते, आणि तो निर्णय घेण्याची सवय आपल्याच स्लाइड पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात एका साध्या वहीने करावी. रुग्णाचे नाव न लिहिता फक्त विभागाचा अंतर्गत क्रमांक, तारीख, आपले पहिले मत, पॅटर्न ४ चे अंदाजे प्रमाण आणि कशाबद्दल शंका वाटली याचे एक वाक्य, एवढे लिहावे. हे मत विशेष रंजन (ठरावीक पेशी रंगवून दाखवणारी चाचणी) मागवण्यापूर्वी आणि सहकाऱ्याला विचारण्यापूर्वीच लिहिले पाहिजे, कारण उत्तर कळल्यावर आपल्याला आधीपासून तसेच वाटत होते असा समज मन फार सहज करून घेते. शंकेचे वाक्य टाळू नये. सहा महिन्यांनी वही चाळताना शिकवते ते तेच.

आपल्याकडे निदान झाल्यावर अनेक कुटुंबे ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) आणि स्लाइड घेऊन मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये जातात. ब्लॉक देताना काहींना अवघडल्यासारखे वाटते. मला मात्र ही शिकण्याची उत्तम संधी वाटते. ब्लॉक हाती देतानाच नातेवाइकांना विनंती करावी की, तिथला अहवाल मिळाल्यावर त्याची प्रत आम्हाला आणून द्या किंवा फोटो पाठवा. आलेला अहवाल फाइलला लावून विषय संपवू नये. आपल्याकडे ठेवलेली स्लाइड त्या अहवालासह पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावी आणि मतभेद नेमका कोणत्या ग्रंथींवरून झाला ते शोधावे.

नियम वाचताना त्यांचा क्रम लक्षात ठेवावा. डोनाल्ड ग्लीसन यांची श्रेणी देण्याची मूळ पद्धत १९६६ ची आहे. आयएसयूपी या यूरोपॅथॉलॉजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००५, २०१४ आणि २०१९ मध्ये तिच्यात बदल केले, त्यामुळे जुन्या पाठ्यपुस्तकातली बेरीज ६ आणि आजची ६ या सारखेच आहेत असे धरून चालता येत नाही. आजच्या नियमाप्रमाणे चाळणीसारख्या क्रिब्रिफॉर्म ग्रंथी सर्वच्या सर्व पॅटर्न ४ मध्ये जातात आणि त्या आहेत की नाहीत हे अहवालात लिहायचे असते. बेरीज ७ असेल तर पॅटर्न ४ चे टक्केही द्यायचे असतात. नलिकांच्या आत पसरलेल्या कर्करोगाबाबत मात्र एकमत नाही: सोबत आक्रमक कर्करोग असेल तेव्हा आयएसयूपी त्याला श्रेणीत धरायला सांगते, तर जेनिटोयुरिनरी पॅथॉलॉजी सोसायटी तो श्रेणीबाहेर ठेवून वेगळा नमूद करायला सांगते. आपण कोणता नियम पाळला हे अहवालात एका वाक्यात लिहिले की यूरोलॉजिस्टचा गोंधळ होत नाही.

सर्वांत जास्त चूक कुठे होते ते जवळून पाहू. सुई-बायॉप्सीच्या तुकड्यात पाच-सहा नीट गोलाकार लहान ग्रंथी आहेत आणि त्यांच्या कडेला दोन-तीन ग्रंथींना पोकळीच दिसत नाही. घाईत आपण त्यांना अर्धवट घडलेल्या ग्रंथी ठरवून ३+४ लिहून टाकतो. पण नीट घडलेली ग्रंथी तिरकी कापली गेली तरी तशीच दिसते. म्हणून ब्लॉकचे आणखी खोल काप मागवावेत. पुढच्या कापांत पोकळी उघडली तर तो पॅटर्न ३ च होता. तशा ग्रंथींचा चांगला मोठा पुंजका प्रत्येक कापात टिकून राहिला, तरच पॅटर्न ४ म्हणावे.

विशेष रंजनावर भरवसा ठेवावा, पण बेताने. पी-६३ आणि उच्च रेणुभाराचे केराटिन ही रंजने सौम्य ग्रंथींभोवती असणाऱ्या आणि कर्करोगात नसणाऱ्या आधारपेशी दाखवतात, ए.एम.ए.सी.आर. हे रंजन कर्करोगात बहुधा रंगते. तरीही क्षीण झालेल्या साध्या ग्रंथींत आधारपेशी मधूनच गायब असू शकतात आणि नेफ्रोजेनिक अ‍ॅडिनोमासारखी सौम्य गोष्टही ए.एम.ए.सी.आर.ने रंगते. मी नवशिका असताना एका तुकड्यातली मोठी, गडद, वेडीवाकडी केंद्रके पाहून उच्च श्रेणीच्या कर्करोगाचा संशय लिहून ठेवला होता. अहवाल जाण्यापूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी भिंग खाली आणून पेशींतले सोनेरी-तपकिरी कण दाखवले. ते लिपोफुसिन हे रंगद्रव्य होते आणि तो तुकडा प्रोस्टेटशेजारच्या शुक्राशयाचा होता, जिथे अशी केंद्रके आणि असे कण नेहमीचेच असतात. तेव्हापासून प्रत्येक भयंकर दिसणाऱ्या केंद्रकाशेजारी मी आधी ते कण शोधते.

मूत्राशयातून खरवडून काढलेल्या गाठीच्या तुकड्यांत पहिला प्रश्न डेट्रसर, म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीतला जाड स्नायू, आहे की नाही हा असतो. अस्तराखालच्या म्युस्क्युलॅरिस म्युकोसीचे बारीक, विस्कळीत धागे आणि डेट्रसरचे जाड, घट्ट गठ्ठे यांत गल्लत झाली की टप्पा टी-१ (स्नायूपर्यंत न पोचलेला रोग) वरून टी-२ (स्नायूत शिरलेला रोग) वर जातो, आणि मग मूत्राशय काढण्याची चर्चा सुरू होते. तुकड्यात चरबी दिसली म्हणून रोग भिंतीबाहेर गेला असेही मानू नये, कारण चरबी लॅमिना प्रोप्रिया या अस्तराखालच्या थरातही आढळते. स्नायू नसेल तर तो नाही असे स्पष्ट लिहावे. मायक्रोपॅपिलरी, प्लाझ्मासायटॉइड, नेस्टेड हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रकार वर्षातून एखाद्याच वेळी भेटतात, म्हणून त्यांची प्रत्येक स्लाइड शिकवणीच्या पेटीत वेगळी जपावी, आणि पावसाळ्यात त्या पेटीत सिलिका जेल ठेवावे, कारण आपल्या दमट हवेत लाकडी कपाट आणि भिंग दोन्हीला बुरशी धरते. लघवीच्या पेशीतपासणीसाठी पॅरिस पद्धत वापरावी. २०१६ मध्ये आलेल्या या पद्धतीची दुसरी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली, आणि तिचा सारा भर उच्च श्रेणीचा कर्करोग चुकवू नये यावर आहे.

महिन्यातून एक दुपार यूरोलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांच्यासोबत ठरवून घ्यावी. गणेश चवथीच्या आठवड्यात ती चुकली तर पुढच्या आठवड्यात घ्यावी, पण रद्द करू नये. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सिंधुदुर्ग आणि कारवारकडचे रुग्णही येतात. ते गावी परतले की पुढे काय झाले ते कळत नाही, म्हणून यूरोलॉजिस्टच्या नोंदींतून वर्षभराचा पाठपुरावा मागून घ्यावा. प्रोस्टेट पूर्ण काढल्यावर श्रेणी बायॉप्सीपेक्षा वर निघाली, तर त्याच दिवशी बायॉप्सीच्या स्लाइड कपाटातून काढाव्यात. सुई त्या भागात गेलीच नव्हती, की ग्रंथी समोर असून आपण ओळखल्या नाहीत, हे तुकडान् तुकडा पाहून ठरवावे आणि वहीतल्या जुन्या नोंदीखाली तारीख घालून लिहावे.