डीएफप्लेअरचा आवाज ब्लूटूथ स्पीकरवर आणला, माझा अनुभव

आजीला सकाळी एक बटण दाबलं की भजनं लागावीत म्हणून डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डवरची गाणी वाजवणारं छोटं मॉड्युल) आणि अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) यांचा छोटा डबा केला होता, पण तिला आवाज हवा होता खोलीतल्या ब्लूटूथ स्पीकरवर, मधे वायर नको. आधी घरात पडलेलं एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्युल लावून बघितलं, नाही जमलं, ते सिरीयल डेटासाठी आहे, ऑडिओ त्यातून जातच नाही. मग जे ब्लूटूथ ऑडिओ मॉड्युल आणलं ते निघालं रिसीव्हर. अहो, स्पीकर स्वतःच रिसीव्हर असतो ना, आपल्या बाजूला ट्रान्समीटर लागतो, घेताना हे नीट बघून घ्या.

ट्रान्समीटर आला, स्पीकर पेअर झाला, पण आवाज फाटका. तासभर कोड तपासत बसलो आणि चूक वायरिंगमधे होती, मी सिग्नल डीएफप्लेअरच्या एसपीके१ आणि एसपीके२ या पिनांवरून घेतला होता. त्या पिना आतल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या, थेट छोटा स्पीकर लावायला, आणि त्यातली एकही ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची सामाईक जोडणी) नाही. लाइन आउट, म्हणजे दुसऱ्या उपकरणाला द्यायचा साधा ऑडिओ सिग्नल, मिळतो डॅक-आर आणि डॅक-एल या पिनांवर. तिथून ग्राउंडसकट तीन वायरी ट्रान्समीटरच्या ऑडिओ इनपुटला जोडल्या, व्हॉल्यूम ३० पैकी २० ठेवला, टाळ अगदी स्वच्छ ऐकू यायला लागले.

तरी मागे बारीक घुंईंई चालूच होतं. दोन्ही मॉड्युल एकाच ५ व्होल्टवर होते, ट्रान्समीटरला वेगळी बॅटरी दिली आणि ते बंद झालं.