टी-३४ रंगवायचा, मळवायचा आणि ढिगाऱ्यात उभा करायचा

प्लास्टिकचा मॉडेल टँक रंगवायला रंगाची बाटली उघडायच्या आधी एक ठरवून टाका. तुमचा टँक कुठे आहे, कुठल्या महिन्यात आहे आणि मागच्या दोन आठवड्यांत कुठून कुठून फिरून आलाय. हे न ठरवता बसलं की काय होतं, तर येतं तेवढं सगळं आपण एकाच टँकवर करून बघतो, थोडे टवके, थोडा गंज, थोडा चिखल, वरून धूळ, आणि मग तो टँक कुठूनच आलेला वाटत नाही. नुसता शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर खपून जातं, पण डायोरामात, म्हणजे मॉडेलभोवती उभ्या केलेल्या छोट्या देखाव्यात, खाली जमीन असते आणि ती लगेच चुगली करते.

मी इथे १/३५ स्केलचा (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) टी-३४/८५ हा दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत टँक धरून सांगतो, एप्रिल १९४५ चा शेवट, बर्लिनमधला एक रस्ता. हे उदाहरण मला आवडतं कारण त्यात मळाचे दोन थर आपोआप मिळतात. १६ एप्रिलला ओडर नदीच्या बाजूने सोव्हिएत हल्ला सुरू झाला, म्हणजे टँक आधी शेतांतून आणि मातीच्या रस्त्यांतून आला, तो चिखल खालच्या अंगाला लागून वाळलाय, आणि आता शहरात पडक्या भिंतींच्या गिलाव्याची आणि विटांची धूळ त्याच्यावर बसतीये. खाली शेत, वर शहर. रंगवायचा क्रमही तोच ठेवायचा, जे आधी लागलं ते आधी. दुसरं म्हणजे टी-३४/८५ चं उत्पादनच १९४४ च्या सुरुवातीला सुरू झालं, त्यामुळे हा टँक जुन्यात जुना धरला तरी सव्वा वर्षाचा. अंगभर गंज चढायला त्याला वेळच मिळालेला नाही, आणि हा एक मुद्दा लक्षात ठेवला तर निम्म्या चुका टळतात.

जोडणी करताना चाकं, ट्रॅक, बाहेरची हत्यारं आणि इंधनाचे गोल ड्रम वेगळे ठेवा, नंतर रंगवायला सोपं जातं. टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग, ओतीव पोलादाचा असतो, खरखरीत, आणि बऱ्याच किटमध्ये तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत येतो. त्यावर जाड सरफेसर (प्रायमरसारखा घट्ट लेप) लावा आणि अर्धवट ओला असताना जुन्या ताठ ब्रशने टोचत जा, वाळल्यावर बारीक सँडपेपर अलगद फिरवा, बस. पण हलच्या, म्हणजे टँकच्या खालच्या मुख्य धडाच्या, पत्र्यांवर हे करू नका, ते रोल केलेल्या स्टीलचे असतात, तिथे खरखर असायचं कारण नाही.

याच टप्प्यावर बेस पण समोर घ्या. टँकचा एक ट्रॅक विटांच्या ढिगावर चढलेला दाखवायचा असेल तर त्या जागची चाकं वर उचललेली पाहिजेत, त्यामुळे सस्पेन्शनचे आर्म बेसवर ठेवून, बघून, मगच चिकटवा. सपाट टेबलावर पाचही चाकं एका रेषेत चिकटवली आणि नंतर टँक ढिगाऱ्यावर ठेवला तर तो तरंगतो. ३२ टनांचं धूड आहे ते, त्याच्याखाली वीट दबली पाहिजे, फुटली पाहिजे.

सगळं जोडून झालं की कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवा, हाताचं तेल आणि साच्यातली चिकट निघून जाते, आणि पूर्ण वाळू द्या. मग प्रायमर. ग्रे चालतो, काळा चालतो, मी काळा किंवा गडद तपकिरी मारतो म्हणजे खाचाखोचा आधीपासूनच गडद राहतात. आणि एअरब्रश किंवा स्प्रे कॅन वापरताना खिडकी उघडी आणि तोंडावर फिल्टरवाला मास्क, कापडी मास्कने थिनरची वाफ अडत नाही.

आता हिरवा. सोव्हिएत रंगाला ४बीओ म्हणतात आणि त्याची नेमकी छटा कोणती यावर लोक आयुष्यभर भांडू शकतात, त्यात पडू नका. महत्त्वाचं वेगळंच आहे, बाटलीतला रंग जसाच्या तसा मारला तर मॉडेल काळपट दिसतं, कारण एवढ्याशा वस्तूवर रंग गडद वाटतो, आणि वर वॉश (खाचांत सोडायचा पातळ गडद रंग) आणि फिल्टर (सगळ्या अंगावर द्यायची पातळ रंगाची झाक) चढले की अजून एक पायरी गडद होतो. म्हणून बेसकोट मुद्दाम उजळ ठेवायचा. उजळ करायला पांढरा घालू नका, हिरवा पुदिन्याच्या चटणीत दही कालवल्यासारखा होतो, त्यापेक्षा पिवळट बफ घाला. रंग दुधासारखा पातळ, प्रेशर १५ ते २० पीएसआय, आणि एका दमात झाकायचा नाही, पातळ पातळ तीन-चार हात. शेवटचा हात अजून थोडा उजळ करून फक्त वरच्या सपाट भागांवर, हॅचवर (आत-बाहेर करायच्या झाकणांवर) आणि पत्र्यांच्या मधोमध. एअरब्रश नसेल तर चांगला सपाट ब्रश आणि भरपूर सबुरी, टँकवर ब्रशच्या किंचित खुणा राहिल्या तरी विमानाइतक्या डोळ्यात खुपत नाहीत.

मग ती पांढरी पट्टी. बर्लिनच्या लढाईत आपल्याच विमानांनी आपल्यावर मारा करू नये म्हणून सोव्हिएत टँकांच्या टरेटभोवती पांढरी पट्टी आणि वर छतावर पांढरा क्रॉस काढलेला असायचा. घाईत, हाताने, जाड ब्रशने. त्यामुळे इथे सरळ, नीटनेटकी पट्टी मारली की मजा गेली. हेअरस्प्रेची युक्ती इथे अगदी चपखल बसते. हिरव्यावर सॅटिन (अर्धवट चमकदार) वॉर्निश मारून एक रात्र ठेवा, मग पट्टीच्या जागी साध्या हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, वाळला की त्यावर अ‍ॅक्रिलिक मळकट पांढरा, तोही ब्रशनेच आणि थोडा वाकडातिकडा. अर्ध्या-एक तासाने कोमट पाण्याने ब्रश ओला करून चोळायला लागा. पाणी रंगातून झिरपतं, खालचा स्प्रे विरघळतो आणि पांढरा बारीक बारीक पोपड्यांनी सुटतो. कुठे सोडवायचा, तर जिथे हात-पाय लागतात तिथे. टरेटच्या बाजूला जे दांडे असतात ते धरून पायदळाचे लोक टँकवर बसून जायचे, तेव्हा दांड्यांच्या मागे, हॅचच्या कडेला, चढायच्या वाटेवर. बाकी ठिकाणी हात आवरा. पांढऱ्यासाठी असा अ‍ॅक्रिलिक घ्या जो वाळल्यावर ठिसूळ राहतो, काही पाण्यावरचे रंग रबरासारखे होतात आणि चोळलं की पापुद्र्यासारखा अख्खा तुकडा निघून हातात येतो.

टरेटवरचे आकडे डिकलने (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ छापील चित्राने) लावणार असाल तर त्या जागी आधी ग्लॉस वॉर्निश. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, डिकलखाली हवा अडकते आणि वाळल्यावर चंदेरी झाक दिसते, ती मग काही केल्या जात नाही. ओतीव टरेटवर तर डिकल मऊ करणारा सॉफ्टनर दोन-तीनदा लावावा लागतो, तेव्हा कुठे डिकल त्या खरखरीत बसतो.

सगळ्यावर एक सॅटिन हात मारून आता वॉशकडे. इथे माझी एक गोष्ट सांगतो. पहिल्या टँकवर मी वॉश म्हणजे पूर्ण टँकला तपकिरी पाण्याने आंघोळ घालायची असं समजलो होतो, भरपूर टर्पेंटाइनमध्ये रंग कालवला आणि खालच्या अंगाला ओतलाच जवळजवळ. दुसऱ्या दिवशी उचलला तर एक चाक टेबलावरच राहिलं. मग दुसरं. टर्पेंटाइन सांध्यांत साचलं होतं आणि ज्या ठिकाणी प्लास्टिकवर ताण होता, म्हणजे नेमके चाकांचे आस, तिथे ते तडकले होते. तेव्हापासून खालच्या भागाला मी वॉश अगदी कमी लावतो आणि जास्तीचा लगेच टिपून घेतो.

पिन वॉश म्हणजे बारीक ब्रशच्या टोकाने फक्त सांध्यांत, बोल्टच्या बुडाशी, वेल्डच्या कडेला, हॅचच्या फटीत गडद तपकिरी सोडायचा, तो केशवाहिनीत गेल्यासारखा आपोआप पळतो. बेस अ‍ॅक्रिलिक असेल तर वॉश इनॅमल किंवा ऑइलचा घ्यायचा, म्हणजे बिनवासाच्या व्हाइट स्पिरिटने पुसता येतो आणि खालचा रंग उचलला जात नाही. काळा वापरू नका, हिरव्यावर काळी रेघ म्हणजे पेनने आखलेलं चित्र. वीस मिनिटांनी किंचित ओलसर ब्रशने कडा पुसून टाका.

यानंतर मला सगळ्यात आवडणारं काम, ट्यूबमधले ऑइल कलर. आधी ते पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा, पुठ्ठा त्यातलं तेल पितो आणि मग रंग मॅट वाळतो. एका पत्र्यावर सुईच्या टोकाएवढे ठिपके ठेवा, पिवळट, तपकिरी, थोडा निळसर, थोडा बफ, आणि व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश वरून खाली ओढत न्या. उभ्या पत्र्यावर नेहमी वरून खाली, पावसाचं पाणी जसं जातं तसंच, आडवा ओढला की संपलं. ठिपके जवळपास नाहीसे झाले पाहिजेत, फक्त प्रत्येक पत्र्याचा हिरवा शेजारच्यापेक्षा जरासा वेगळा दिसला पाहिजे. एखाद-दोन ओघळ मुद्दाम ठेवा, बोल्टच्या खाली किंवा हँडलच्या खाली, आणि त्यांची लांबी सारखी ठेवू नका.

टवके. इथे लोक वाहवत जातात, मी पण गेलोय. हिशोब सोपा आहे, १/३५ वर १ मिलीमीटरचा टवका म्हणजे खऱ्या टँकवर साडेतीन सेंटीमीटर. त्यामुळे फोमचा छोटा तुकडा चिमटीत धरून गडद तपकिरी, जवळजवळ काळ्या रंगात टेकवा, कागदावर टिपून टिपून संपवत आणा आणि जेव्हा वाटेल की आता काहीच उमटत नाही तेव्हा टँकला लावा. कडा, हॅचच्या गोलाच्या आतली बाजू, मडगार्डचे कोपरे. चंदेरी रंग अजिबात नको. जिथे धातू घासून खरंच चकाकतो, हॅचची कडा, दांड्यांचा मधला भाग, तिथे मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळा, त्याची चमक बरोबर लोखंडाची येते. आणि टी-३४/८५ च्या चाकांना बाहेरून रबर असतं, रबराला टवके पडत नाहीत आणि गंजही लागत नाही. रबर म्हणजे गडद राखाडी, तुटलेल्या कडा हव्या असतील तर चाकूने एखादा कोपरा कातरायचा.

ट्रॅकला गंजका नारिंगी मारायची फार जुनी खोड आहे. चालता टँक असेल तर ट्रॅक रोज घासला जातो, नारिंगी टिकेलच कसा. गडद राखाडी-तपकिरी बेस, खाचांत मातीचा वॉश, आणि मग जिथे घासतो तिथे चमक. बाहेरून जे उंचवटे दगडी रस्त्यावर आपटतात ते शिशाने लखलखीत करा, आणि आतून चाकांचं रबर जिथे फिरतं तिथे दोन गुळगुळीत पट्टे येतात, ते चमकत नाहीत, नुसते घासल्यासारखे फिके राखाडी दिसतात. आत आणि बाहेर वेगवेगळं दिसलं की ट्रॅक जिवंत वाटतो.

आता मळ, आपल्या ठरलेल्या क्रमाने. आधी शेतातला वाळका चिखल, पिगमेंट (रंगाची बारीक कोरडी पूड) आणि थोडं प्लास्टर मॅट अ‍ॅक्रिलिक मीडियममध्ये कालवून, फक्त चाकांच्या मधल्या खोलगट भागात, हलच्या खालच्या बाजूला आणि मडगार्डच्या आतून. तो वाळलेला आहे हे विसरू नका, म्हणून रंग फिका. त्यावर शहर. गिलाव्याची राखाडी-पांढरी पिगमेंट आणि विटेच्या तांबड्याची एक चिमूट, कोरडीच, मऊ ब्रशने आडव्या भागांवर सोडायची, कोपऱ्यात जास्त, जिथे बूट पडतात तिथे पुसलेली. मग पिगमेंट फिक्सरचा थेंब कोपऱ्याला टेकवायचा आणि तो आपणहून पसरू द्यायचा. वरून वॉर्निश मारू नका. मी एकदा तीन संध्याकाळी घालवून बसवलेली धूळ मॅट वॉर्निशच्या एका हातात गडप झालेली पाहिलीये, ती ओली झाली आणि रंग बदलून गेला, परत आलीच नाही.

मागच्या पत्र्यावर गोल हॅचच्या दोन बाजूंना एक्झॉस्ट, तिथे मात्र गंज हक्काचा, कारण तापून रंग जळतो. तोंडाशी काळी काजळी, डिझेल आहे, भरपूर काजळी चालेल. बाजूच्या ड्रमच्या झाकणाखाली सांडलेल्या इंधनाचे ओघळ, गडद तपकिरीत ग्लॉस मिसळून, एक जुना पुसट आणि एक ताजा चकचकीत. धुळीवर पडलेला तो एक ओला डाग सगळ्या मॅट टँकमध्ये एकदम उठून दिसतो, म्हणून एकच ठेवा.

बेसवर विटा आणि गिलाव्याचे तुकडे प्लास्टरचेच करा, पातळ थर ओतून वाळला की फोडा. आणि महत्त्वाचं, टँकला लावलेली तीच पिगमेंट, त्याच डबीतली, रस्त्यावर टाका. टँक ठेवल्यावर ट्रॅकच्या पुढच्या वळणात दोन-चार विटेचे कण अडकवा, मागे चिरडलेल्या विटांचा तांबडा पट्टा ओढा, आणि ट्रॅक जिथे जमिनीला टेकतो तिथली फट खालच्या ढिगाऱ्याने भरून टाका. फिक्सर सोडून रात्रभर हलवू नका, सकाळी टॉर्च आडवा धरून ट्रॅकखालून बघा, उजेड दिसला तर अजून थोडा चुरा लागेल.