अजिंठा आणि वेरूळ : दोन दिवसांत नीट कसे पाहावे

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. म्हणजे बुधवार ते रविवार या पाच दिवसांतले कुठलेही सलग दोन दिवस चालतात. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली की बरेच जण 'आधी जवळचं वेरूळ, मग अजिंठा' असा बेत आखतात आणि सोमवारी अजिंठ्याच्या बंद फाटकापर्यंत जाऊन परततात. अशा वेळी रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ करावे. मात्र श्रावणातला सोमवार टाळा. वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वर शेजारी-शेजारी असल्याने त्या दिवशी रस्ता दर्शनाच्या गर्दीने भरलेला असतो.

दोन्ही लेणी एकाच दिवसात उरकण्याचा विचार सोडून द्या. छत्रपती संभाजीनगरपासून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर, तर अजिंठा वेगळ्याच दिशेला १०० किलोमीटरच्या आसपास. दिवस गाडीतच जातो.

मुक्काम कुठे करायचा, हे येण्याच्या वाटेवर ठरते. मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस पहाटे संभाजीनगरला सोडते, तेव्हा मुंबईकरांनी तिथेच दोन रात्री राहावे. खानदेश, नागपूर किंवा भुसावळकडून येणाऱ्यांना जळगाव सोयीचे. तिथून अजिंठा साधारण ६० किलोमीटर. पहिल्या दिवशी जळगावहून अजिंठा पाहून संध्याकाळी संभाजीनगर गाठायचे आणि दुसऱ्या दिवशी वेरूळ करायचे. आल्या रस्त्याने परत जावे लागत नाही.

पहिला दिवस : अजिंठा

संभाजीनगरहून सकाळी साडेसहाला निघा. सिल्लोडमार्गे अडीच ते तीन तास लागतात आणि लेणी नऊला उघडतात. एसटीने जात असाल तर कंडक्टरला 'अजिंठा' असे नुसते म्हणू नका, 'अजिंठा लेणी, फर्दापूर फाटा' असे सांगा. अजिंठा हे गाव घाटाच्या वर आहे आणि लेण्यांचा फाटा घाट उतरल्यावर लागतो. गावातच उतरलात तर पुढची गाडी मिळेपर्यंत सकाळची चांगली वेळ हातची जाते.

खासगी गाडी फाट्यावरच ठेवावी लागते. पुढचे सुमारे ४ किलोमीटर एसटीच्या बसने जायचे. बसचे भाडे वेगळे, लेण्यांचे तिकीट वेगळे. भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. फाट्यावरच्या दुकानांतले लोक गारगोट्या आणि स्फटिक घेण्यासाठी मागे लागतात. 'येताना बघू' असे म्हणालात तर येताना ते तुम्हाला बरोब्बर ओळखतात, तेव्हा घ्यायचे नसेल तर तसे सरळ सांगा.

बसमधून उतरल्यावर पायऱ्या चढायच्या आहेत. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. भाव बसण्याआधी ठरवून घ्या. पाणी माणशी किमान दीड लिटर. खाऊ पिशवीच्या आत ठेवा, माकडांना तो लांबूनच कळतो.

आता क्रम. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर एकूण ३० लेणी आहेत. त्यांचे क्रमांक वाटेने जसजशी लागतात तसे दिलेले आहेत, काळानुसार नाहीत. पहिल्या बसने आलात तर थेट लेणे १ मध्ये शिरा, कारण आत एका वेळी मोजकेच लोक सोडतात आणि तासाभरात रांग लागते. उशीर झाला असेल तर १ आणि २ मागे ठेवून ९ आणि १० कडे चला. ही इसवी सनापूर्वीची, सातवाहनकाळाशी जोडली जाणारी चैत्यगृहे, म्हणजे आत स्तूप असलेली प्रार्थनागृहे. तिथून १६, १७, १९ आणि २६ करून परत येताना १ आणि २ पाहा. चित्रे प्रामुख्याने १, २, १६ आणि १७ मध्ये आहेत, ९-१० मध्ये थोडी. वेळ कमी पडलाच तर बाकीची लेणी सोडा, पण ही चार नीट बघा.

लेण्यात शिरल्या शिरल्या बहुतेकांची तक्रार असते, 'काही दिसतच नाही.' बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला चार-पाच मिनिटे लागतात आणि माणसे दोन मिनिटांत बाहेर पडतात! लेणे १ मध्ये मागच्या भिंतीजवळ, गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या हाताला उभे राहा आणि थांबा. हळूहळू पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, भिंतीतून पुढे येऊ लागतो. आधी मुकुट, मग खाली झुकलेल्या पापण्या, मग उजव्या हातातले कमळ. नाकावरची उजळ रेघ आणि गालावरची सावली वेगवेगळ्या दिसू लागल्या, की डोळे सरावले असे समजा. मग १७ मध्ये विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा, बघा. दानात सगळे देऊन टाकणाऱ्या राजपुत्राची गोष्ट आधी वाचून गेलात तर भिंतीवर ती ओळखता येते.

फ्लॅश वापरायला बंदी आहे. ही चित्रे माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर काढलेली आहेत. रंग भिंतीत मुरलेला नाही, वर चिकटलेला आहे. प्रखर उजेड, दमट श्वास, टेकलेली पाठ, सगळ्यानेच तो सुटतो. चित्रांच्या लेण्यांत जोडे बाहेर काढावे लागतात, म्हणून पटकन निघणारी चप्पल बरी, आणि उन्हाळ्यात तापलेल्या दगडासाठी मोजे.

लेणे १० मधल्या एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ मध्ये नाव कोरले. ते आज डोक्याच्या वर दिसते, कारण तेव्हा लेणे दगडमातीने भरलेले होते आणि तो त्या भरावावर उभा होता. २६ मध्ये डाव्या भिंतीलगत बुद्धाचे महापरिनिर्वाण, म्हणजे अखेरच्या क्षणीची पहुडलेली मूर्ती आहे, सुमारे ७ मीटर लांब. ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत बघा, समोर उभे राहून सगळे नजरेत मावत नाही.

दुसरा दिवस : वेरूळ

इथे ३४ लेणी उत्तर-दक्षिण सुमारे २ किलोमीटरच्या डोंगरकडेत आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. प्रवेशद्वारासमोरच लेणे १६, म्हणजे कैलास. फाटकातून आलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी तिथेच शिरतो, तासभर फिरून दमतो आणि बाकीचे सोडून देतो. तुम्ही सकाळी लवकर या आणि उजवीकडे वळा.

लेणे १२ तीन मजली आहे. वरपर्यंत चढा, वरच्या मजल्यावरच्या बुद्धांच्या रांगा चुकवू नका. १० म्हणजे विश्वकर्मा, छताला लाकडी तुळयांसारख्या दगडी कमानी असलेला. मग १५, दशावतार. यात दोन-अडीच तास जातात.

कैलासाचे तोंड पश्चिमेला आहे. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो, दुपारनंतर उजळतो. म्हणून तो अकरानंतर घ्यावा. आत जाण्याआधी उजव्या बाजूच्या वाटेने डोंगरावर चढून वरून बघा. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात हे काम वरून खाली झाले. तीन बाजूंनी चर खणून मधला कातळ सुटा केला आणि त्यातून मंदिर घडवले. वर उभे राहिले की चर कुठून सुरू झाला ते दिसते आणि मग कळस आधी कसा झाला हे निराळे समजवावे लागत नाही. कठड्यापलीकडे मात्र जाऊ नका. पावसाळ्यात तिथला दगड निसरडा होतो.

खाली आलात की डावीकडे, उत्तरेच्या अंगाला महाभारताचा पट, उजवीकडे रामायणाचा. त्याच दक्षिण बाजूला कैलास पर्वत हलवणारा रावण. त्याच्या हातांची चक्राकार मांडणी खालून, जरा वाकून बघा. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे, आणि शंकर नुसता पायाचा अंगठा दाबतो आहे. भिंतींवर मधूनमधून पांढऱ्या गिलाव्याचे तुकडे शिल्लक आहेत. हे सगळे एके काळी काळ्या दगडाचे दिसत नव्हते.

जैन लेणी एक-दीड किलोमीटरवर आहेत. भर दुपारी चालत जाऊ नका, परिसरात वाहन मिळते. ३२, इंद्रसभा, बारीक कोरीव कामासाठी पाहायची. पावसाळ्यात वाटेतल्या २९ जवळ धबधबा असतो.

घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा काढून जावे लागते. वेळ असेल तर वेरूळ गावात मालोजीराजे भोसल्यांच्या गढीचे अवशेष आहेत. देवगिरीचा किल्ला याच रस्त्यावर आहे, पण तो संध्याकाळी घाईत चढू नका. अंधाऱ्या वाटेच्या पायऱ्या दमलेल्या पायांना जड जातात. तो करायचाच असेल तर तिसऱ्या दिवशीची सकाळ काढा.