‘फ्री’ आणि ‘फास्ट’ डिलिव्हरीची लेबले कशी वाचावीत

ऑनलाइन बाजारपेठेत एखादी वस्तू शोधली की तिच्या छायाचित्राखाली ‘फ्री डिलिव्हरी’ किंवा ‘उद्यापर्यंत मिळेल’ अशी पट्टी दिसते, आणि रंग किंवा वजन यांच्याप्रमाणे हाही त्या वस्तूचाच गुण आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते एका हिशोबाचे उत्तर असते. तुमचा पत्ता, ऑर्डरची एकूण रक्कम, तुमचे सदस्यत्व, माल कोणत्या गोदामात आहे आणि पार्सल बांधून कुरिअरकडे सोपवायला विक्रेत्याने किती दिवस मागून घेतले आहेत, यांपैकी काहीही बदलले की उत्तर बदलू शकते. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेवरचे ‘फास्ट एन फ्री’ हे लेबल याचे चांगले उदाहरण आहे: पाठवणी मोफत असेल आणि पार्सल खरेदीदाराच्या पत्त्यावर लवकर पोचण्याचा अंदाज असेल तरच ते दिसते, त्यामुळे एकाच वस्तूवर ते एकाला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही.

म्हणून सर्वांत आधी, शोध सुरू करण्यापूर्वीच, पार्सल जिथे हवे आहे तो पत्ता किंवा पिनकोड भरावा. भेटवस्तू दुसऱ्या गावी पाठवायची असेल तर तिथला पिनकोड भरावा. स्वतःच्या पत्त्यावरून दिसणारी तारीख तिथे लागू पडत नाही.

त्यानंतर वस्तूची किंमत आणि पाठवणीचा खर्च यांची बेरीज करून तुलना करावी. काही ठिकाणी या बेरजेनुसार यादी लावण्याची सोय असते, ती जरूर वापरावी. समजा, एका विक्रेत्याकडे खुर्चीची किंमत ९०० असून प्रत्येक ऑर्डरमागे पाठवणीचे १०० आहेत आणि दुसऱ्याकडे तीच खुर्ची ‘फ्री डिलिव्हरी’सह १,००० ला आहे. एक खुर्ची घेतल्यास दोन्हींकडे सारखेच पैसे जातात. दोन घेतल्या, तर पहिल्याकडे १,९०० आणि ‘फ्री’वाल्याकडे २,००० होतात, कारण दुसऱ्याने पाठवणीचा खर्च प्रत्येक खुर्चीच्या किमतीत मिसळलेला असतो. यात फसवणूक नाही, व्यापाराची ही जुनी रीतच आहे. हस्तकलेच्या वस्तूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेने २०१९ मध्ये अमेरिकेतील शोधनिकालांत मोफत पाठवणी देणाऱ्या आणि ३५ डॉलर किंवा त्याहून मोठ्या ऑर्डरवर ती देण्याची हमी घेणाऱ्या दुकानांना प्राधान्य द्यायचे ठरवले, तेव्हा हा खर्च किमतीत मिसळण्याचा सल्लाही विक्रेत्यांना दिला होता. तेव्हा ‘फ्री’ म्हणजे खर्च नाही असे न समजता, तो बिलात वेगळा दाखवलेला नाही असे समजावे.

मग ‘फ्री’च्या अटी पाहाव्यात. किमान रकमेची अट एकाच विक्रेत्याच्या मालाला लागू आहे की संपूर्ण कार्टला, सवलतीचे कूपन लावल्यावर रक्कम त्या मर्यादेखाली जाते का, आणि सोय केवळ सदस्यांसाठी आहे का, हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक घोळ चेकआउटआधीच उलगडतात. मर्यादा गाठण्यासाठी नको असलेली वस्तू कार्टमध्ये टाकणे मात्र माझ्या मते टाळावे. वाचलेल्या पाठवणीपेक्षा तिचीच किंमत बहुधा जास्त असते.

‘फास्ट’ या शब्दाला अधिक वेळ द्यावा लागतो, कारण त्यात दोन वेगळे काळ लपलेले असतात: विक्रेत्याला माल तयार करून रवाना करायला लागणारा आणि कुरिअरला तो पोचवायला लागणारा. अॅमेझॉनने फेब्रुवारी २००५ मध्ये अमेरिकेत वर्षाला ७९ डॉलर घेऊन ‘प्राइम’ ही सदस्यत्वाची योजना सुरू केली, तेव्हाची ‘दोन दिवसांत’ ही सेवासुद्धा पार्सल रवाना झाल्यापासूनचे दिवस मोजत असे. त्यात ‘कामकाजाचे दिवस’ हा शब्द आला की सुट्ट्या वगळाव्या लागतात. एक हिशोब मांडून पाहू. विक्रेता दुपारी २ नंतरच्या ऑर्डर पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या धरतो, रवाना करायला एक दिवस घेतो, कुरिअर तीन दिवस घेते आणि शनिवार-रविवार दोघांनाही सुट्टी असते. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी ऑर्डर दिली, तर ती सोमवारची धरली जाते, पार्सल मंगळवारी निघते आणि पुढच्या शुक्रवारी हातात पडते. लेबलवर ‘तीन दिवस’ असले तरी तुमचा पुरा आठवडा जातो. यासाठी दिवसांच्या संख्येऐवजी चेकआउटच्या पानावरची तारीखच पाहावी, आणि ‘१० ते १४’ असे दिले असेल तर १४ तारीखच खरी मानावी.

ती तारीख अंदाजाची आहे की हमीची, हेही तिथेच तपासावे. ‘अंदाजे’ असे लिहिले असेल तर उशिराबद्दल भरपाई मिळेलच असे नाही. हमी असेल तर उशीर झाल्यास नेमके काय मिळणार, ते अटींमध्ये वाचावे. औषध, परीक्षेचे साहित्य किंवा प्रवासाची वस्तू यांसारखी वेळेला बांधलेली खरेदी केवळ अंदाजावर सोडू नये.

पैसे भरण्यापूर्वी लेबल, तारीख आणि एकूण रक्कम एकत्र दिसतील असा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा, कारण ऑर्डरनंतर वस्तूचे पान बदललेले असू शकते. अमेरिकेत ग्राहकांचे हित जपणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या नियमानुसार विक्रेत्याने सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसल्यास साधारणपणे ३० दिवसांत, माल रवाना करता येईल याला त्याच्याकडे वाजवी आधार असावा लागतो. उशीर होणार असेल तर ग्राहकाची संमती घ्यावी लागते किंवा पैसे परत करावे लागतात. हा नियम रवानगीबद्दल आहे, पोचण्याबद्दल नाही, हे लक्षात घ्यावे.

शेवटी परतीची बाजू पाहावी. येताना मोफत आलेले पार्सल परत पाठवताना मोफत जाईलच असे नाही, आणि काही विक्रेते परताव्यातून मूळ पाठवणीचा खर्च वजा करतात. कपडे, पादत्राणे अशा मापाच्या वस्तूंसाठी, जिथे परतीची शक्यता मुळातच जास्त असते, परतीचे कुरिअर कोणाच्या खर्चाने जाणार हे ‘फ्री’ लेबलाच्या आधी वाचावे.