अंक म्हणता येणं वेगळं, मोजता येणं वेगळं

मूल एक ते वीस घडाघडा म्हणत असेल, तरी त्याला मोजता येतं असं लगेच धरून चालू नका. ते अंक पाठ झालेत, गाण्यासारखे. खरी परीक्षा अशी: पाच बटणं समोर ठेवा आणि मोजायला सांगा. पाचपर्यंत आलं की विचारा, "किती आहेत?" मूल पुन्हा "एक, दोन..." सुरू करत असेल, तर शेवटी उच्चारलेला अंक सगळ्या बटणांचा मिळून असतो, हे अजून त्याला उमगलेलं नाही. अशा वेळी पुढचे आकडे शिकवायची घाई करू नका.

आधी तीनच वस्तू घ्या. तुम्ही मोजा आणि शेवटी सगळ्यांभोवती हात फिरवून म्हणा, "एक, दोन, तीन. सगळी मिळून तीन." मग उलट खेळा: "मला दोन दे." मूठभर उचलून दिली तर रागावू नका, त्याच्यासोबत मोजून जास्तीची परत ठेवा. दोन नीट जमले की तीन, मग चार. रोज पाच-दहा मिनिटं पुरतात. तीन वर्षांखालच्या मुलाला बटणं देऊ नका, तोंडात जातात. मोठे ठोकळे घ्या.

मोजताना बोट पुढे आणि तोंड मागे, ही नेहमीची चूक. त्यावर दोन वाट्यांचा उपाय चांगला: एक अंक म्हणायचा, एक वस्तू या वाटीतून त्या वाटीत टाकायची. हात आणि तोंड आपोआप जुळतात. मग वस्तू ओळीत मांडा, नंतर विखरून. गोलात सगळ्यात शेवटी, कारण कुठे थांबायचं ते मुलाला कळत नाही. सुरुवातीची वस्तू वेगळ्या रंगाची ठेवा.

अंकांची ओळख मोजणीच्या मागून चालू द्या. तळहाताएवढ्या कार्डावर एका बाजूला अंक, मागे तेवढेच ठिपके. ३ आणि ६ एकमेकांचं आरशातलं रूप वाटतात, १ आणि ९ सुद्धा सारखे दिसतात, म्हणून या जोड्या एकाच दिवशी दाखवू नका. ३ पक्का झाल्यावर आठवडाभराने ६ आणा आणि बोट फिरवून दाखवा: ३ डावीकडे उघडा, ६ उजवीकडे. शून्य रिकाम्या वाटीवरून शिकवा: तीनातली एकेक वस्तू काढत जा, उरलं काय? पेन्सिल त्यानंतर, आधी ताटातल्या वाळूत बोटाने गिरवू द्या.

दहाच्या पुढे मराठीच अडवते. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहितं. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकून ३९ लिहितं. ही चूक निष्काळजीपणाची नाही, कानाची आहे. दहा काड्यांना रबर लावून जुडी करा. दोन जुड्या डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे: "दोन दहा आणि पाच, पंचवीस." एकोणतिसासाठी तीन जुड्या मांडा, एका जुडीचं रबर काढून त्यातली एक काडी बाजूला घ्या. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे मुलाला हातातच दिसतं. नव्व्याण्णव मात्र या चालीत बसत नाही. तो वेगळाच सांगा.