कोयता, खुकरी आणि नवखे हात: या चुका टाळा

मोठ्या पात्याचा नाद लागला की सुरुवातीच्या काळात माणूस ठरलेल्याच चुका करतो. कोकणातली कोयती असो, ऊसतोडीचा कोयता असो, नेपाळची खुकरी असो की कोडगूची ओडिकत्ती, चुका त्याच. त्यातल्या दोन मात्र वेगळ्या काढायला हव्यात. एकीत पातं वाया जातं, दुसरीत बोटं. त्या दोन सविस्तर घेतो, बाकीच्या जागा मिळेल तशा.

ग्राइंडरने धार काढणं

ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि तिचा दोष नेहमी लोहाराच्या माथी बसतो.

आपल्याकडच्या चांगल्या कोयत्या बहुतेक ट्रकच्या कमानपाट्यातून घडवतात. या पोलादात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते तापवून पाणी दिलं की कडक होतं. नुसतं कडक पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून लोहार त्याला पुन्हा हलकी धग दाखवून थोडं नरम करतो. कोयत्याची सगळी किंमत या दोन पायऱ्यांत आहे. नेपाळचे कामी, म्हणजे तिथले लोहार, तर खुकरीचं पूर्ण पातं बुडवतच नाहीत. लाल तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर किटलीने पाणी सोडतात. त्यामुळे धार कडक होते, पाठ चिवट राहते आणि घाव बसल्यावर पातं मोडत नाही.

आता एका नवख्याचं उदाहरण घ्या. लोहाराकडून नवी कोयती आणली. धार जाड होती, कारण लोहार ती जाडच ठेवतो आणि घेणारा आपल्या कामाप्रमाणे काढून घेतो. दगडावर बसायचा धीर नव्हता. फॅब्रिकेशनच्या दुकानातून ४ इंची ग्राइंडर मागून आणला. हे यंत्र मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतं. पाच मिनिटांत धार चकाकली, कागद कापला, फोटोही काढून झाले. दुसऱ्या दिवशी नारळ सोलताना पोटाकडची दोन इंच धार चक्क एका बाजूला वळली. मग ‘लोखंड कच्चं निघालं’ म्हणून लोहाराला बोल लावला आणि पुन्हा ग्राइंडर फिरवला. पुन्हा वळली. तिसऱ्या खेपेला पातं अर्धा सेंटीमीटर अरुंद झालं होतं आणि धारेला लागून निळसर पट्टा स्पष्ट दिसत होता.

तो निळा पट्टा वाचता आला पाहिजे. घासलेलं पोलाद तापत गेलं की त्यावर रंग चढतात: २२०-२३० अंश सेल्सिअसला गवती पिवळा, २५५ च्या पुढे तपकिरी, २८० च्या सुमारास जांभळा, ३०० ला निळा. त्यानंतर राखाडी. निळा दिसला की त्या जागेचं पाणी उतरलं असं समजायचं. धारेची कड कागदाइतकी पातळ असते, तिथली उष्णता पळायला जागा नसते, म्हणून पातं हाताला कोमट लागत असतानाही कड जळलेली असते. मध्येमध्ये पाण्यात बुडवूनही फारसा उपयोग होत नाही, कारण कड जळायला काही सेकंद पुरतात. आणि रंग दिसला नाही म्हणून धार वाचली असंही नाही. पुढच्या फेऱ्यात डिस्क तो रंग खरवडून टाकते, मऊ पोलाद मात्र तिथेच राहतं.

दुरुस्ती अशी. निळा पट्टा एक-दोन मिलिमीटरचा असेल तर पाणी लावत कुरुंदाच्या किंवा कार्बोरंडम दगडावर तेवढा भाग घासून काढा, खाली चांगलं पोलाद सापडतं. पट्टा त्याहून रुंद असेल तर पातं लोहाराकडे न्या, काय झालं ते खरं सांगा आणि पुन्हा पाणी देऊन घ्या. नुसतं पॉलिश करून रंग घालवला तर रंग जातो, मऊपणा जात नाही.

नव्या कोयतीची जाड धार काढायला कानसच हवी. १० इंची कानस, तिला लाकडी मूठ, हातात चामडी हातमोजे. पातं शेगड्यात (बाकावरच्या लोखंडी पकडीत) धरताना दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या लावायच्या. धारेचा उतार मार्कर पेनने काळा करून घ्यायचा. कानस कुठे घासते ते दोन फेऱ्यांत कळतं. झाडतोडीच्या पात्याला प्रत्येक बाजूने २० ते २५ अंश पुरतात. पुढे ढकलताना दाब, मागे आणताना कानस उचलायची. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला नखाला अडकणारी बारीक खरखरीत कड येते. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग आली की बाजू बदलायची. मग दगडाची जाड बाजू, नंतर बारीक, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीकडून ओढत दहा-पंधरा फेरे. या सगळ्याला पहिल्यांदा दीड-दोन तास लागतात. ज्याला दोन तास बसवत नाही त्याने मोठं पातं घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खुकरीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्या धारेचा पुढचा भाग बाहेर फुगलेला आणि मुठीकडचा आत वळलेला. आतल्या वळणावर सपाट दगड बसतच नाही. तिथे २०-२५ मिलिमीटरच्या पाइपाला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून घासायचं. फुगलेल्या भागाची धार पारंपरिक घडणीत सपाट उताराची नसते, हलकी गोलसर असते आणि तिचा टिकाऊपणा त्या गोलाईत असतो. ती राखायला मी रबरी चपलेच्या तळव्यावर पॉलिश पेपर ठेवतो, २२०, मग ४००, मग ८००, आणि पातं कायम पाठीच्या दिशेने ओढतो. धारेच्या दिशेने ढकललं तर पेपर फाटतो.

खुकरीच्या म्यानात मागे दोन छोटी पाती असतात. धारदार ते कर्द, बोथट ते चकमक. चकमक मुद्दाम बोथट आणि कडक ठेवलेली असते. ती धारेवरून फिरवून वळलेली कड सरळ करायची असते आणि गारगोटीवर ठिणगी पाडायची असते. तिला धार लावू नका.

म्यान मुठीत पकडून पातं ओढणं

खुकरीचं म्यान लाकडाच्या दोन फाका जोडून वरून चामडं चढवून केलेलं असतं. सांधा येतो नेमका धारेच्या आणि पाठीच्या रेषेत. नवखा काय करतो, डाव्या हाताने म्यान पूर्ण मुठीत आवळतो, चार बोटं धारेच्या बाजूने गुंडाळलेली, आणि उजव्या हाताने झटक्यात उपसतो. पातं वाकडं असल्यामुळे सरळ ओढलं की धार म्यानाच्या आतल्या बाजूवर दाबली जाते. नव्या म्यानात काही होत नाही. पन्नास-शंभरदा असंच ओढल्यावर धार लाकडात खाच पाडत जाते, उन्हाने सांधा उकलतो, आणि एक दिवस पातं चामड्यातून थेट बोटांत उतरतं. या जखमा खोल असतात. बोट वाकवणारी शीर तुटली तर शस्त्रक्रिया लागते आणि बोट पूर्वीसारखं वळेलच असं नाही.

पकड अशी हवी: म्यान पाठीच्या बाजूने तळव्यात घ्या, अंगठा एका सपाट बाजूला, बोटं दुसऱ्या सपाट बाजूला, धारेच्या रेषेवर काहीही नाही. ओढताना पात्याची पाठ म्यानाच्या आतल्या कडेला टेकलेली ठेवा आणि पात्याच्या वळणाप्रमाणे हात गोल न्या. सुरुवातीचे तीन-चार इंच सावकाश. परत ठेवतानाही पाठ टेकवून, नजर म्यानाच्या तोंडावर. बोलता बोलता म्यानात ठेवणाऱ्यांचे हात कापतात.

दर महिन्याला म्यान उजेडात धरून सांधा बघा. नखाएवढी फट दिसली तरी म्यान बदला. बाहेरून चिकटपट्टी गुंडाळणं हा जुगाड आहे आणि तो धोकादायक आहे, कारण पट्टीखालची फट दिसेनाशी होते.

कोकणात कोयती कमरेला आकडीत अडकवतात. तिथे नियम सोपा: धार अंगापासून दूर, आणि आकडी लावून झाडावर चढायचं ते शिकलेल्याने. हौशी माणसाने कोयती आकडीत ठेवून उतारावर पळू नये.

धार वस्तऱ्यासारखी पातळ करणं

कागद कापला म्हणजे धार झाली, ही समजूत स्वयंपाकघरातल्या सुरीची. १५ अंशांची धार बाभळीच्या गाठीवर पडली की तिचे तुकडे उडतात. तोडकामाच्या पात्याने हिरवी फांदी एका घावात स्वच्छ तुटली की पुरे.

ढिली मूठ पाण्यात भिजवणं

लाकूड फुगतं, मूठ घट्ट वाटते, दोन दिवसांत वाळून पहिल्यापेक्षा जास्त ढिली होते आणि आतली लोखंडी शेपूट, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, गंजते. घाव घालताना पातं मुठीतून सुटलं तर ते समोरच्यापर्यंत जातं, म्हणून यात चालढकल नको. मूठ काढा, शेपटीचा गंज खरवडा, भोक कोरडं करा, एपॉक्सी भरून पुन्हा बसवा आणि २४ तास हात लावू नका. शेंबी (मुठीच्या तोंडाची धातूची कडी) सैल असेल तर तीही बदला. पारंपरिक खुकरीत शेपूट लाहा नावाच्या राळेसारख्या पदार्थाने बसवलेली असते. तो उष्णतेने मऊ पडतो, त्यामुळे अशी खुकरी उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाही आणि गरम पाण्याने धुवायची नाही.

चुकीचं तेल, चुकीची जागा

करडई, सूर्यफूल, जवस ही तेलं वाळून चिकट थर धरतात. जवस लाकडी मुठीला उत्तम, पात्याला नको. पात्याला शिलाई मशीनचं तेल. खाण्याचं काही कापायचं असेल तर खोबरेल. आणि पातं चामड्याच्या म्यानात महिनोन् महिने ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि पावसाळी दमट हवा यांनी आठवड्याभरात ठिपके पडतात. मी जूनच्या आधी सगळी पाती पुसून, तेल लावून, सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवतो, म्यानं वेगळी.

जुनं पातं चकचकीत करणं

काळपट-निळसर थर म्हणजे गंज नव्हे, तो पात्याला सांभाळतो. लाल गंज तेवढा तेल आणि सर्वांत बारीक स्टील वूल लावून काढा. पॉलिश पेपर मारला की घडवणाऱ्याचा ठसा पुसला जातो आणि जुन्या वस्तूची किंमत तिथेच संपते.

पात्याने उचकटणं, पाठीवर हातोडा मारणं

टोक उचकटायला नसतं. पाठीवर ठोकायचंच असेल तर मनगटाएवढा लाकडी दांडा घ्या. हातोडीने पाठ ठेचली जाते आणि लोखंडाच्या कपच्या डोळ्यात उडू शकतात.

पाय घावाच्या रेषेत ठेवणं

फांदी तुटल्यावर पातं थांबत नाही, ते पुढे नडगीपर्यंत येतं. पाय फाकवून, घावाची रेषा दोन्ही पायांच्या बाहेर जाईल असं उभं राहा. फांदीवर घाव तिरपा, साधारण ४५ अंशांत घाला; आडवा घाव उसळतो. डाव्या हाताने धरलेल्या फांदीवर घाव घालायचा नाही, ती ओंडक्यावर टेकवा. हात आणि पातं मिळून जेवढी लांबी होते त्याच्या दुप्पट अंतरात कोणी नको. घामाने मूठ निसटू लागली की थांबा, हात पुसा.

एकदम पाच घेणं

पर्यटकांच्या दुकानातली सिंहतोंडी मुठीची, आरशासारखी स्टेनलेस खुकरी भिंतीवर टांगायची वस्तू आहे. तिची शेपूट बहुधा खिळ्याएवढी असते. कामाची हवी तर नेपाळातल्या धरान किंवा भोजपूरच्या घडणीची, १० ते ११ इंच पात्याची, ५०० ते ७०० ग्रॅमची साधी खुकरी बघा. पानावल प्रकारात शेपूट मुठीच्या दोन पट्ट्यांमधून कडेला पूर्ण दिसते, नवख्याला तपासायला तोच सोपा. सिरूपाते सडपातळ आणि देखणी, पण जाड लाकडाला हलकी पडते.

लोहाराकडे कोयती घेताना पाठीवरून नजर टाकून पातं सरळ आहे का बघा. धारेलगत केसाएवढा तडा शोधा. पाणी देताना पडलेला तडा पुढे वाढतोच. कानस धारेवर हलकेच ओढा. लोण्यासारखी रुतली तर पाणी नीट बसलेलं नाही. आणि पहिली कोयती एक पूर्ण हंगाम वापरल्याशिवाय दुसरी घेऊ नका. हाताला कोणतं वजन झेपतं हे तोवर कळत नाही.

कायदा न वाचता पिशवीत घालून फिरणं

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं पाचव्या वर्गात मोडतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. पूर्ण आकाराची खुकरी ही मापं सहज ओलांडते. कोयता शेतीचं अवजार असला तरी तो शेतात. शहरात रात्री दुचाकीच्या डिकीत सापडला तर ‘छंद आहे’ हे उत्तर पुरत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली शहरांत आणि जिल्ह्यांत वारंवार मनाई आदेश निघतात, त्या काळात शस्त्र जवळ बाळगून फिरायलाच बंदी असते. नेण्याआधी चालू आदेश पोलीस ठाण्यात विचारा.

नेताना पातं म्यानात, म्यान कापडात, कापड बांधून गाडीच्या मागच्या कप्प्यात कुलपाखाली, आणि खरेदीची पावती सोबत. विमानात हातातल्या सामानात चालत नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू हाती लागली तर तिला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला आजोबांची तलवार कुरिअर करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात वस्तू दाखवून, ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या.