रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा

वापरलेली गाडी घेतली की पहिली धाकधूक असते, कुठून काही गळतंय का? पार्किंगच्या फरशीवर आधीचेच इतके डाग असतात की आपल्या गाडीचा कुठला, ते कळत नाही.

१. रात्री गाडी सपाट जागी लावून इंजिनाखाली मोठा, कोरा पुठ्ठा सरकवा. ‘पुढे’ आणि ‘ड्रायव्हरची बाजू’ असं पेनाने त्यावर लिहा. नाहीतर सकाळी पुठ्ठा हातात घेऊन आपण गोल गोल फिरवत बसतो. माझं झालंय!

२. सकाळी डाग बघा. नुसतं पाणी असेल आणि आदल्या दिवशी एसी चालवला असेल, तर सोडून द्या. काळपट, चिकट थेंब बहुधा इंजिन ऑईलचा. डिपस्टिक (इंजिनातल्या ऑईलची पातळी बघायची पट्टी) काढून पुसा, पुन्हा घालून काढा, पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. हिरवा किंवा गुलाबी, गोडसर वासाचा डाग कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा.

३. मेकॅनिककडे पुठ्ठाच घेऊन जा. ‘कुठूनतरी गळतंय’ असं सांगण्यापेक्षा त्याचा शोधायचा वेळ वाचतो.

जपून: चाकाच्या आतल्या बाजूला पिवळट, तेलकट थेंब दिसला तर तो ब्रेक ऑईलचा असू शकतो. गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकलाच बोलवा.